मेंढ्यांचा फोटो कशाने काढला

आइल्ट उब्बेनने आयुष्यात एकदाच लेखी खोटेपणा केला, आणि तोही रकाना रिकामा राहू नये म्हणून.

हायेनझीलच्या फोटो मंडळाचा स्पर्धेचा अर्ज दोन पानी होता. पहिल्या पानावर नाव, पत्ता, सभासद क्रमांक, फोटोचं शीर्षक. दुसऱ्या पानावर कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, शटर किती, अ‍ॅपर्चर किती. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: अपूर्ण अर्ज परत केला जाईल. समुद्राकाठच्या या सपाट मुलखात माणूस खोटं बोलायला कचरतो हे खरं आहे. पण रकाना रिकामा सोडायला तो त्याहून जास्त कचरतो. तिरडीवर कुणी फॉर्म पुढे केला तर इथली माणसं सहीपुरती उठून बसतील.

फोटो तसा फुकटात मिळाला होता. आइल्ट समुद्राचा बांध सांभाळणाऱ्या खात्याच्या नोकरीत होता. नोव्हेंबरातल्या एका सकाळी बांधातला पाणदरवाजा नीट बसलाय का ते बघायला तो गेला. धुकं दाट होतं. बांधावर मेंढ्या उभ्या होत्या, रोजच्यासारख्याच, गावावर उपकार करत असल्याच्या चेहऱ्याने. एवढ्यात त्यांच्या पाठीमागून एक डोलकाठी सरकत निघाली. पाणी दिसत नव्हतं, बोट दिसत नव्हती, नुसती डोलकाठी आणि जाळी पसरायचे दोन लांब हात. क्षणभर असं वाटलं की मेंढ्याच शिडं उभारून परगावी चालल्या आहेत. आइल्टने हातमोजा दाताने ओढला, खिशातला मोबाइल काढला, त्याची काच सदऱ्याला पुसली आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत मेंढ्या पुन्हा मेंढ्या झाल्या होत्या.

मोठा कॅमेरा तेव्हा घरी कपाटात होता. लेन्सा, तिपाई आणि पिशवी धरून त्याचं वजन सहा किलो भरे. आइल्टच्या कुत्र्याचं वजनही तेवढंच होतं, पण कुत्रा निदान स्वतःच्या पायांनी चालायचा.

"वीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या फोटोत काहीतरी घडतंय," त्याची बायको फोलिने म्हणाली. "पाठव स्पर्धेला."

"मोबाइलचा आहे. कलम सात."

"मग मोबाइल लिहू नकोस."

"रकाना आहे, फोलिने."

"मग भर काहीतरी. कुठे निवडणारेत."

कलम सात असं होतं, की स्पर्धेतला फोटो लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यानेच काढलेला असावा. हे कलम आलं त्याच्या आदल्या स्पर्धेत मंडळाचे अध्यक्ष हाब्बो पॉपिंगा यांचा दुसरा नंबर आला होता. पहिला त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीचा. ती सुट्टीला ब्रेमेनहून आली होती आणि तिने आईच्या फोनवर वाळूतला जेलीफिश टिपला होता. अध्यक्षांनी तिला स्वतःच्या हाताने बक्षीस दिलं आणि पुढच्याच सभेत कलम मांडलं.

आइल्टने आपल्या कपाटातल्या कॅमेऱ्याचं नाव लिहिलं. लेन्सचं लिहिलं. शटर एक छेद अडीचशे, अ‍ॅपर्चर आठ. धुक्याला शोभतील असे आकडे त्याने विचार करून निवडले, कारण खोटं लिहायचं तर ते व्यवस्थित लिहावं असं त्याच्यावर लहानपणापासून संस्कार होते.

मेंढ्या पहिल्या आल्या.

फोटो मोठा करून गावातल्या बँकेच्या दालनात लागला. खाली पितळी पाटी: कॅमेरा, लेन्स, एक छेद अडीचशे, आठ. लोक पैसे काढायला येत, मेंढ्यांकडे एक नजर टाकत आणि पाटी सावकाश वाचत. मंडळाचे लोक तर पाटीच वाचत. धुकं कसं मिळालं, किती वाजता गेलास, तिथेच का उभा राहिलास, हे एकानेही विचारलं नाही. डिसेंबरात हाब्बो पॉपिंगांनी तोच कॅमेरा घेतला. मग बेकरीवाल्या ओक्कोने. मग सचिव वियार्डने, लेन्ससकट. फेब्रुवारी संपेपर्यंत मंडळाच्या बारा सभासदांकडे बारा सारखे कॅमेरे आणि बारा सारख्या काळ्या पिशव्या झाल्या. कुणाची कुठली ते कळेना, म्हणून ओक्कोच्या बायकोने सगळ्यांना नावाच्या पट्ट्या भरतकाम करून दिल्या.

आइल्टची झोप उडाली नाही. तो फक्त बँकेत जायचा बंद झाला.

मार्चमध्ये टॉम्के हार्म्स त्याच्या घरी आली. वय अठ्ठावीस, दवाखान्यात नर्स, मंडळात नवी. पहिलं वर्षभर उमेदवार सभासद राहायचं, असा नियम होता. फोलिनेने टेबलावर चहाचं सगळं मांडलं. कपात आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, खडा तडकल्याचा आवाज, मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तीन कप घ्यायचेच. तिसऱ्यानंतर कपात चमचा उभा ठेवला तर पुरे. नाही ठेवला तर चहा येतच राहतो. या रिवाजापायी परगावचे पाहुणे हायेनझीलहून थेट दवाखान्यात गेल्याच्या कथा आहेत.

"तुमच्या फोटोतली डोलकाठी आमची आहे," टॉम्के म्हणाली.

आइल्टने कप खाली ठेवला.

"बाबांची बोट. तालेया. यंदाचा शेवटचा हंगाम. ऑक्टोबरात ती विकताहेत. हॉलंडचा एकजण नेणार, तिच्यावर म्हणे आइस्क्रीम विकणार." ती शांतपणे सांगत होती, पण खडीसाखरेचा चिमटा तिने दोनदा उघडून मिटला. "बाबांचे कामावरचे फोटोच नाहीत आमच्याकडे. चाळीस वर्षं कोळंबी धरली आणि फोटो एक, तोही लग्नातला, त्यात त्यांचे डोळे मिटलेत. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाणार आहे, हंगामभर. म्हटलं कॅमेरा तुमच्यासारखाच घ्यावा."

"बोटीवर तो जड पडेल," आइल्ट म्हणाला.

"तुम्हाला कुठे पडला?"

पहिला कप संपला. दुसऱ्या कपावर आइल्टने तिला खारं पाणी, ओले हात, डोलणारं फळकूट, बदलायच्या लेन्सा, पिशवी ठेवायला न मिळणारी जागा, असं सगळं सांगितलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "मग पाण्यासाठी वेगळं आवरण घेऊ का वरून? आणि दुसरी पिशवी?" जसजशी अडचण सांगावी तसतशी ती एक वस्तू यादीत वाढवत होती. तिसऱ्या कपावर आइल्टने घसा साफ केला.

"टॉम्के, त्या फोटोचं एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

फोलिने दारात किटली धरून उभी होती. टॉम्केच्या वहीत वरच्या ओळीला एक छेद अडीचशे असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

"धुकं फार होतं," आइल्ट म्हणाला.

"ते दिसतंच," टॉम्के म्हणाली आणि तिने कपात चमचा ठेवला.

ती गेल्यावर फोलिने कप उचलू लागली. "तीन कप दिले मी तुला," ती म्हणाली. "तीन कपांत माणसं लग्नं ठरवतात."

आठवड्याने टॉम्केचा निरोप आला. दुकानात संच शिल्लक नव्हता, सगळे हायेनझीलनेच उचलले होते. नवा माल मेमध्ये. पक्की मागणी एप्रिलअखेर कळवायची. तोवर ती थांबणार होती. आइल्टने उत्तरात अंगठा पाठवला आणि मग बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसला.

मार्चच्या मध्याला तालेया पहिल्यांदा बाहेर पडली. आइल्ट पाणदरवाज्यापाशी होता. टॉम्के नारिंगी कोट घालून डेकवर उभी होती, रिकाम्या हातांनी. तिने हात केला. आइल्टनेही केला. असं सहा वेळा झालं. दर वेळी तो ठरवायचा, की परत येताना धक्क्यावर गाठायचं आणि सांगून टाकायचं. दर वेळी धक्क्यावर तिचे वडील रेमर असायचे आणि म्हणायचे, "काय आइल्ट, माझ्या बोटीचा फोटो काढलास म्हणे. बोट कुठाय त्यात?" मग हसण्यात वेळ जायचा.

एप्रिलमध्ये त्याने सभेतच सांगायचं ठरवलं. वार्षिक सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी होती. एकाला सांगितलं तर कुजबुज होते. सगळ्यांना सांगितलं तर ते निवेदन होतं, आणि निवेदनाला नोंद असते. बक्षीस परत, पाटी परत, फार तर राजीनामा. त्याने नियमावली काढली. विषयपत्रिकेवर विषय आणायचा तर चौदा दिवस आधी लेखी कळवावं लागे. सभेला आठ दिवस उरले होते.

"म्हणजे वेळेत कळवलं नाहीस म्हणून तुला खरं बोलता येणार नाही," फोलिने म्हणाली.

"'इतर विषय' मध्ये येईल. पण तिथे ठराव होत नाहीत."

"तुला ठराव कशाला हवाय?"

ठरावाशिवाय सांगितलेलं खरं कितपत खरं, ही शंका आइल्टला आली, आणि ती पुढे रास्त ठरली.

सभा खानावळीच्या मागच्या खोलीत भरली. बारा सभासद, बारा काळ्या पिशव्या भिंतीशी ओळीने, कोपऱ्यातल्या खुर्चीवर टॉम्के. अध्यक्षांच्या पत्नी गेशे चहा ओतत होत्या. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात मेंढ्यांचा फोटो पाटीवरच्या आकड्यांसह आला आणि एकमताने मंजूर झाला. हाब्बो पॉपिंगांनी चष्मा काढला. ते आइल्टला सहावीत भूगोल शिकवायला होते आणि अजून त्याच्याकडे तो नदीचा उगम चुकवणार आहे अशाच नजरेने बघायचे.

"इतर विषय. कुणाचं काही?"

आइल्ट उभा राहिला. "सर, माझं एक आहे. मेंढ्यांचा फोटो मी मोबाइलने काढला."

गेशेबाई चहा ओतत होत्या, त्या ओततच राहिल्या.

"कुठला फोटो?" वियार्डने पेन टेकवून विचारलं.

"तोच. बँकेतला. कॅमेरा घरी होता. अर्जात मी खोटं लिहिलं. बक्षीस परत करतो." त्याने मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. पडद्यावर मेंढ्या होत्या. खाली तारीख होती, वेळ होती.

मोबाइल टेबलाभोवती फिरला. प्रत्येकाने तो दोन बोटांत धरला, बघितला आणि लगेच पुढे दिला.

"हे बघ आइल्ट," हाब्बो पॉपिंगा म्हणाले, "तू दोन्हीने काढला असशील. मोबाइलने आठवणीसाठी, कॅमेऱ्याने स्पर्धेसाठी. माणूस विसरतो."

"सर, कॅमेरा कपाटात होता."

"कपाटात तो आत्ता असतो. तेव्हाचं तुला काय आठवतंय?"

"धुक्याचा तपशील मोबाइलला असा येतच नाही," मागून कुणीतरी म्हणालं. "मी मोठा करून बघितलाय. लोकरीचा धागा न् धागा दिसतो."

"लोकर नाही ती," आइल्ट म्हणाला. "मोबाइलच्या काचेला चीर आहे."

यावर खोलीत फक्त खडीसाखर तडकली. मग ओक्को बोलला. ओक्को सभेत वर्षातून एकदा बोलायचा, तेही खिडकी लावा एवढंच.

"आइल्ट, मी घरी सांगितलंय की याशिवाय असा फोटो येत नाही. बायकोने पट्ट्यासुद्धा भरल्या. आता तू मला घरी कुठल्या तोंडाने पाठवतोयस ते सांग."

आइल्टखेरीज त्या दुपारी एवढंच कुणी खरं बोललं असेल. बाकीच्यांनी आपापल्या कपांत बघितलं. मग हाब्बो पॉपिंगांनी चष्मा घातला.

"अर्जावर सही आहे. अर्ज इतिवृत्तात आहे. इतिवृत्त आत्ताच मंजूर झालंय, तूही हात वर केलास. सभेच्या कागदाविरुद्ध एका सभासदाची आठवण चालणार नाही. इतर विषयांत ठराव होत नाही, पण इतिवृत्ताचा खुलासा होतो. खुलासा असा, की सदर फोटो अर्जात लिहिल्याप्रमाणेच काढलेला आहे. अनुकूल?"

अकरा हात वर गेले.

"प्रतिकूल?"

आइल्टने हात वर केला.

"तू संबंधित व्यक्ती आहेस. तुला मत नाही."

कोपऱ्यात टॉम्केचा हात वर होता.

"उमेदवार सभासदांनाही नाही, मुली. अकरा विरुद्ध शून्य. लिहून घे, वियार्ड." आणि मग, आवाजात एकदम मऊपणा आणून, "आइल्ट, तुझ्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक आहे. आपल्याला उपकरण-मार्गदर्शक हवाच होता. महिन्यातून एकदा सगळ्यांना बांधावर नेऊन कॅमेरा कसा वापरायचा ते दाखवायचं. मुदत तीन वर्षं. मी आइल्टचं नाव सुचवतो."

एकमत झालं. नकार द्यायचा तर लेखी कारण द्यावं लागे. कारण एकच होतं, आणि ते नुकतंच अकरा विरुद्ध शून्य मतांनी खोटं ठरलं होतं. आइल्ट खाली बसला. त्याने कपात चमचा ठेवला. गेशेबाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी चमच्यावरूनच चहा ओतला.

बाहेर टॉम्के सायकलचं कुलूप काढत होती.

"मार्चमध्ये सांगायचं होतंत," ती वर न बघता म्हणाली.

"सांगणार होतो."

"धुकं फार होतं म्हणालात. मी सहा आठवडे बोटीवर हात चोळत उभी राहिले, दुकानातून कॅमेरा येणार म्हणून. परवा पहिल्यांदा जाळं भरून आलं आणि बाबा हसले. बाबा हसत नाहीत. मी बघत बसले. खिशात फोन होता."

आइल्टला खाली बघायला आपल्या बुटांशिवाय काही नव्हतं.

"पुन्हा हसतील," तो म्हणाला.

"ते तुमच्या सभेत मंजूर करून घ्या."

ती सायकलवर बसली, पण निघाली नाही. "मग काय काय लागतं? खरं सांगा. यादी नको."

"मनगटाला दोरी. साधी, फोनच्या कोपऱ्यात अडकवायची. पाण्यात पडला तर वाचत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, आतून धुरकट होते. काच दर वेळी पुसायची, सदऱ्याला. एक छोटी चार्जिंगची बॅटरी, आतल्या खिशात, थंडीत नाहीतर मरते. आणि झूम करायचं नाही. दोन पावलं पुढे जायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तुम्ही मंडळाला शिकवणार का, तीन वर्षं?"

टॉम्केने पेडलवर पाय ठेवला. "दुकानाला आज कळवते, नको म्हणून," ती म्हणाली आणि बांधाच्या रस्त्याने निघून गेली.

मे गेला, जून गेला. आइल्ट महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी सहा किलोची पिशवी खांद्याला लावून बांधावर जाई. मागून अकरा पिशव्या येत. तो तिपाई कशी उघडायची ते दाखवी. लेन्स बदलताना वारा पाठीशी घ्यायचा, हे दाखवी. एक छेद अडीचशे आणि आठ, हे तर सगळ्यांना पाठच होतं. उन्हातही ते तेच लावत, आणि फोटो पांढरे आले की म्हणत, धुक्याचा परिणाम साधला. जुलैत त्याचा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, काय उचलता? आइल्ट म्हणाला, पदभार.

सप्टेंबरातल्या शनिवारी पुन्हा धुकं आलं. दाट, नोव्हेंबरातल्यासारखं. बांधावर मेंढ्या होत्या. मंडळात चैतन्य पसरलं. अकराजण ओळीने वाकले आणि पिशव्यांच्या चेनी उघडू लागले.

"लांबची लेन्स की रुंद?" हाब्बो पॉपिंगांनी विचारलं.

"तेव्हा कुठली होती, आइल्ट? पाटीवरची ना?" वियार्डने विचारलं.

तेवढ्यात आइल्टला इंजिनाची धडधड ऐकू आली. मेंढ्यांच्या पाठीमागून डोलकाठी सरकत येत होती. तालेया. शेवटच्या महिन्यातली. या वेळी धुकं जरा फाटलं होतं आणि डेकवर एक नारिंगी ठिपकाही दिसत होता. आइल्टचा हात आपोआप जाकिटाच्या खिशात गेला. बोटांना मोबाइल लागला. काचेवरची चीरसुद्धा लागली.

"हां, आता कॅमेऱ्याने दाखव," हाब्बो पॉपिंगा वाकूनच म्हणाले. "आम्ही बघतोय."

ते बघत नव्हते. ते लेन्सची टोपी शोधत होते. पण त्यातला कुणीही कुठल्याही क्षणी वर बघू शकला असता, आणि उपकरण-मार्गदर्शकाने बांधावर खिशातून काय काढलं ते पुढच्या इतिवृत्तात गेलं असतं. हे इतिवृत्त मग कुणी मंजूर केलं असतं, कुणी नाही, ओक्को पुन्हा कुठल्या तोंडाने घरी गेला असता, हे सगळं आइल्टच्या डोक्यातून डोलकाठीच्या वेगाने सरकत गेलं. त्याने हात खिशातच ठेवला. मग तो काढला आणि पिशवीची चेन उघडली. लेन्स बसेपर्यंत मेंढ्या मेंढ्या झाल्या होत्या.

"गेली वाटतं," ओक्को म्हणाला.

"पुढच्या महिन्यात," हाब्बो पॉपिंगा म्हणाले. "सराव लागतो."

घरी परतताना आइल्टच्या खिशात फोन दोनदा थरथरला. कोपऱ्यावर थांबून त्याने बघितलं. टॉम्केने दोन फोटो पाठवले होते. पहिल्यात रेमर होते, जाळ्याच्या दोरीवर ओणवे, डेकवरच उकडणाऱ्या कोळंबीच्या वाफेत, आणि ते हसत होते. दात दिसत होते. दुसरा बोटीवरून बांधाकडे काढलेला होता. धुक्यात वर मेंढ्या, ताठ उभ्या, समुद्राकडे बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी ओळीने अकरा पाठी, जमिनीकडे वाकलेल्या. चटकन बघितलं तर कोण चरतंय ते कळत नव्हतं. शेवटी एक माणूस उभा होता, एक हात खिशात, तोंड बोटीकडे.

खाली टॉम्केने लिहिलं होतं: स्पर्धेला चालेल का?

आइल्टने कलम सात असं टाइप केलं. ते पुसलं. मग त्याने अंगठा पाठवला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि बँक टाळून लांबच्या रस्त्याने घराकडे निघाला.